पाण्याखालचा पहिला कॅमेरा: टीजी-६ आणि त्याचं हाऊसिंग

आधी निकाल सांगते, कारणं मागून. ज्याचा स्कूबाचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालाय, वर्षातून एखाद-दोनदा मालवण, नेत्राणी किंवा अंदमानला जाणं होतं आणि पाण्याखालचे फोटो स्वतः काढायचेत, त्याने पहिला कॅमेरा म्हणून ऑलिंपस टफ टीजी-६ किंवा त्याच्यानंतरचा टीजी-७ घ्यावा. त्याच खरेदीत पीटी-०५९ हे हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्यावर घालायचं पाणबंद कवचही घ्यावं. कॅमेरा वापरलेला चालेल, हाऊसिंग मात्र नवं हवं. ज्याला फोटोंपेक्षा व्हिडिओतच गोडी आहे त्याला गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा पुरतो, त्याबद्दल पुढे लिहिते. आणि ज्याने अजून फक्त तारकर्लीला हौसेची एक बुडी मारली आहे, त्याने सध्या काहीच घेऊ नये. तिथला प्रशिक्षकच आपल्या कॅमेऱ्यावर तुमचा व्हिडिओ काढून देतो, तेवढा पुरे. आधी कोर्स करावा, कॅमेऱ्याचे पैसे तिकडे घालावेत.

मी अंबडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. ओ-रिंग म्हणजे पाणी-तेल अडवणारी रबरी कडी, सील, गळती हा माझा रोजचा विषय. त्यामुळे पाण्याखालच्या कॅमेऱ्याकडेही मी आधी सीलच्या बाजूने बघते, चित्राच्या बाजूने नंतर. नाशिकपासून समुद्र लांब. मी पोहायला शिकले ती त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात, आणि डायव्हिंग बरंच उशिरा, चाळिशीत. आता नात्यातली, कारखान्यातली तरुण मुलं मालवणहून आली की हमखास फोन येतो, "ताई, कॅमेरा कोणता घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा निघतो. पाण्याखाली तो जवळजवळ गैरलागू आहे. याच मालिकेतल्या टीजी-४ ला १६ मेगापिक्सेल होते. २०१७ साली आलेल्या टीजी-५ मध्ये कंपनीने ते उतरवून १२ केले, आणि टीजी-६, टीजी-७ मध्येही ते १२ च आहेत. सेन्सर छोटा आहे, १/२.३३ इंचाचा. तेवढ्याच जागेत पिक्सेल कमी केले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश जास्त येतो, आणि पाण्याखाली टंचाई असते ती प्रकाशाचीच. लेन्स झूम न करता वापरली तर एफ/२.० इतकी उघडते, तीही याच कामाला येते. म्हणून मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा: हा किती खोल जातो, किती जवळचं टिपतो आणि रंग कसे सांभाळतो.

यातली जवळची गोष्ट सगळ्यात मोठी, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

पाणी लाल रंग आधी खातं. साधारण ५ मीटरच्या खाली लाल जवळपास गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो निळा आणि हिरवा. पुष्कळांना वाटतं की हा हिशोब फक्त खोलीचा आहे. तसं नाही. प्रकाशाला मासा ते कॅमेरा हे आडवं अंतरही पाण्यातूनच कापावं लागतं, आणि तिथेही तोच लाल गळतो. म्हणजे माशापासून तुम्ही जितके लांब, तितका तो निळसर आणि फिका. त्यात मालवणच्या पाण्यात तरंगणारे कण असतात. अंदमानला हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या आसपास, चांगल्या दिवशी लांबवर स्वच्छ दिसतं. आपल्या किनाऱ्यावर किती दिसेल हे भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर ठरतं, आणि पुष्कळदा हिरवट धूसरच मिळतं. कॅमेरा आणि माशाच्या मध्ये जितकं पाणी जास्त, तितके कण जास्त, तितका फोटो पिठूळ. यावर उपाय एकच, मधलं पाणी कमी करणं. आणि पाण्यात डोळा आणखी एक फसवणूक करतो. अपवर्तनामुळे वस्तू आहे त्याच्या पाऊणपट अंतरावर आणि साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. आपण पुरेसे जवळ आलोय असं वाटतं तेव्हा आणखी पुढे जायला हवं असतं.

टीजी-६ इथे बाकीच्यांना मागे टाकतो. त्यात मायक्रोस्कोप मोड आहे, आणि लेन्सपासून १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही तो फोकस करतो. हाऊसिंगमध्ये घातल्यावर समोर काचेचा पोर्ट येतो, त्यामुळे थोडं अंतर त्यातच जातं, तरी वस्तू काचेला टेकेल इतकी जवळ नेता येते. मालवणच्या खडकांवर बोटाच्या पेराएवढ्या समुद्री गोगलगाई असतात, न्यूडिब्रँक म्हणतात त्या. शंख नसलेल्या, अंगावर पिवळ्या-निळ्या रेघा, पाठीवर कल्ल्यांचा तुरा. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या चित्रात ती गोगलगाय म्हणजे एक ठिपका. टीजी-६ मध्ये तिच्या शिंगांवरची वळी मोजता येतात. बाजूला पाणी हिरवं असो की गढूळ, दोन-चार सेंटिमीटरच्या पट्ट्यात रंग खाणारं काही उरतच नाही. आपल्या किनाऱ्याचं पाणी ज्या कॅमेऱ्याला सोसतं तो असा असतो, आणि म्हणूनच मी कोकणात डायव्हिंग करणाऱ्यांना आग्रहाने हाच सांगते.

मोठ्या माशांच्या बाबतीत मात्र त्याची लेन्स तोकडी पडते. २५ मिलिमीटरपासून सुरू होणारा कोन पाण्यात आणखी अरुंद होतो, त्यामुळे समोर बाराकुडा माशांचा थवा आला की अर्धा चौकटीबाहेर राहतो. हाऊसिंगच्या पुढच्या बाजूला ५२ मिलिमीटरचे आटे आहेत, पुढेमागे तिथे पाण्यातच लावता-काढता येणारी वाइड लेन्स बसते. पहिल्या वर्षात ती घेऊ नका. जवळचं पाहायला शिकण्यात ते वर्ष कसं जातं कळत नाही.

आता हाऊसिंग. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मी चौकशी केली तेव्हा काउंटरवरचा मुलगा मनापासून म्हणाला, "मॅडम, हा कॅमेराच वॉटरप्रूफ आहे, १५ मीटरपर्यंत. कव्हरचा खर्च कशाला करता?"

मी म्हटलं, "माझा कोर्स १८ मीटरचा आहे. तिथे कसं?"

त्याने बॉक्स उलटून बारीक अक्षरं वाचली आणि आतल्या मालकांना हाक मारली. मालकांनी दोन मिनिटांत मुंबईला फोन लावला, हाऊसिंग मागवता येतं म्हणाले आणि आगाऊ रक्कम घेऊन रीतसर पावती दिली. नाशिकमध्ये ही वस्तू शेल्फवर ठेवलेली मला दिसली नाही, मागवावीच लागते. म्हणून सहलीच्या आधी चांगला महिनाभर वेळ हातात ठेवा.

त्या मुलाचं म्हणणं कागदावर खरं होतं. टीजी-६ नुसता १५ मीटरपर्यंत चालतो. पण ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे आणि त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डची ३०. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. १८ मीटरवर एकूण दाब जमिनीवरच्या पावणेतीनपटीहून जास्त. कॅमेऱ्याच्या बॅटरीचं आणि चार्जिंगचं झाकण हे एवढंसं, त्याला दोन छोट्या कळा आणि एक पातळ सील. वाळूचा एक कण त्या सीलवर राहिला की संपलं. पीटी-०५९ हाऊसिंग ४५ मीटरपर्यंतचं आहे. ते घातलं की पाण्याला दोन दारं ओलांडावी लागतात. हाऊसिंगमध्ये चार थेंब आलेच, तरी आतला कॅमेरा स्वतः पाणी अडवणारा आहे. मोठ्या, महागड्या कॅमेऱ्यांच्या हाऊसिंगमध्ये पाणी शिरलं तर कॅमेरा जातो. इथे वाचण्याची चांगली शक्यता असते. नवख्या माणसासाठी हे दुहेरी संरक्षण मला चित्राच्या दर्जाइतकंच मोलाचं वाटतं. हाऊसिंगची किंमत कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त पडते आणि ती ऐकून पुष्कळजण मागे फिरतात. त्यांनी हाऊसिंगशिवाय कॅमेरा घेण्यापेक्षा वर्षभर थांबावं.

हाऊसिंग पॉलिकार्बोनेटचं आहे. हा पदार्थ मी चांगला ओळखते, आमच्या मशिनच्या पारदर्शक गार्डांना तोच असतो. आघात सोसतो, पण रसायनं सोसत नाही. थिनर, अल्कोहोल, काही साबण लागले की त्यात केसासारख्या बारीक भेगा धरतात, आणि जिथे बिजागरी किंवा क्लिपचा ताण असतो तिथे आधी धरतात. वापरलेलं हाऊसिंग नको म्हणते ते यासाठी. आधीच्या मालकाने ते कशाने पुसलं, किती ऊन खाल्लं, कधी आपटलं, हे फोटो बघून कळत नाही. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याची तपासणी दहा मिनिटांत होते.

माझ्या कॅमेऱ्याची बॉडी पुण्यातल्या एका डायव्हरकडून घेतलेली आहे. टीजी-७ सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला आणि काही लोकांनी टीजी-६ विकायला काढले. दोन्हींत सेन्सर १२ मेगापिक्सेलचाच, लेन्स तशीच, बॅटरी एलआय-९२बी तीच, आणि पीटी-०५९ हाऊसिंग दोन्हींना बसतं. टीजी-७ ला चार्जिंग यूएसबी-सी आहे, पकड थोडी सुधारली आहे. नवा घ्यायचा असेल तर अर्थातच टीजी-७ घ्या. त्याच्यावर ऑलिंपसऐवजी ओएम सिस्टिम असं नाव दिसेल, कारण ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय २०२१ च्या १ जानेवारीपासून वेगळ्या कंपनीकडे गेला. पैसे वाचवायचे असतील तर जुना टीजी-६, आणि वाचलेल्या पैशांचा टॉर्च.

जुनी बॉडी बघायला जाल तेव्हा दोन्ही झाकणं उघडून आतली सील नखाने नव्हे, बोटाच्या पेराने चाचपा. चीर, चपटेपणा, पांढरी मिठाची पूड दिसली तर सोडून द्या. पूड म्हणजे समुद्राचं पाणी तिथे सुकलेलं आहे. लेन्ससमोरची काच उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा. मायक्रोस्कोप मोडमध्ये नाण्यावरची अक्षरं टिपून बघा, झूम पुढेमागे करून आवाज ऐका, फ्लॅश उडवून बघा. आणि विकणाऱ्याला सरळ विचारा, हा हाऊसिंगशिवाय समुद्रात कितीदा गेला? जो माणूस सांभाळून वापरतो तो याचं उत्तर तपशिलात देतो.

ओ-रिंगबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण कॅमेरे बुडतात ते नव्वद टक्के वेळा नशिबाने नाही, हाताने. हाऊसिंगच्या दोन भागांमध्ये एक रबरी कडं असतं. झाकण बंद केलं की ते खाचेत दाबलं जातं आणि पाण्याची वाट बंद करतं. लोकांना वाटतं जितकं खोल तितकी गळतीची भीती. ओ-रिंगचं काम थोडं उलटं चालतं. पाण्याचा दाब वाढला की ती खाचेच्या भिंतीला आणखी घट्ट बसते. गळती बहुतेकदा पहिल्या एक-दोन मीटरमध्येच सुरू होते, जेव्हा दाब कमी असतो आणि एखादा केस, वाळूचा कण किंवा टॉवेलचा धागा तिच्याखाली अडकलेला असतो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तुमची बादलीतली चाचणी खोटी नाही, ती खरंच उपयोगाची आहे. दुसरी, पाण्यात उतरल्यावर आधी मीटरभरावर थांबून हाऊसिंग डोळ्यांसमोर धरायचं, कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ सुटते का बघायचं, आणि मगच खाली जायचं.

ओ-रिंग काढताना सुई, टाचणी, स्क्रू ड्रायव्हर वापरायचा नाही. दोन बोटांनी दोन्हीकडून तिला एकमेकांकडे सरकवलं की मध्ये एक फुगवटा येतो, तिथून ती उचलली जाते. नाहीतर प्लॅस्टिकची बोथट पट्टी वापरा. मग स्वच्छ, कोरड्या बोटांमधून ती पूर्ण फिरवायची. डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला लागते. आमच्याकडे नव्या मुलांना मी हेच पहिल्या दिवशी शिकवते. खाच धागे न सोडणाऱ्या मऊ कापडाने पुसायची. ग्रीस मूगभर घ्यायचं आणि सगळ्या कड्यावर इतकं पातळ पसरायचं की नुसती चकाकी दिसावी. ग्रीस पाणी अडवत नाही. ते रबराला मऊ ठेवतं आणि झाकण लागताना पीळ पडू देत नाही. जास्त लावलं तर वाळू आणि केस गोळा करतं. आणि ग्रीस हाऊसिंगच्या कंपनीने सांगितलेलंच. सिलिकॉन रबराची ओ-रिंग भलत्या सिलिकॉन ग्रीसने फुगते, फुगली की खाचेत नीट बसत नाही. कारखान्यात ग्रीसचे डबे माझ्या टेबलावर असतात, तरी त्यातलं एकही मी या हाऊसिंगला लावत नाही.

हाऊसिंग आलं तेव्हा मी कारखान्याच्या मालकांची परवानगी घेऊन ते रिकामंच आमच्या हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणीच्या, भांड्यात घातलं. आत टिश्यू पेपर, त्यावर बुडवून ठेवायला स्टीलचे तुकडे कापडात गुंडाळून. दाब सावकाश चढवत २ किलोपर्यंत नेला, म्हणजे साधारण २० मीटर खोल पाण्याइतका, आणि अर्धा तास धरला. टिश्यू कोरडा निघाला. बटणं दाब असताना आत जाऊन पुन्हा वर येतात का हेही भांड्याच्या काचेतून दिसलं, एकही अडकलं नाही. असं भांडं तुमच्याकडे नसेल, त्याची गरजही नाही. बादलीभर पाण्यात रिकामं हाऊसिंग टिश्यू घालून वजनाखाली तासभर ठेवा, मग तलावात घेऊन जा. सावरकर तलावावर मी तिथल्या प्रशिक्षकांना विचारून खोल बाजूला हाऊसिंग नेलं होतं. कॅमेरा आत घालायचा तो या दोन्ही चाचण्यांनंतर.

नाशिकच्या चाचणीत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे धुकं. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी. घरी हाऊसिंग बंद करून पाण्यात टाकलं तर काच स्वच्छ राहते. मालवणच्या बोटीवर तीच कृती केली की पाचव्या मिनिटाला काचेवर आतून धुरकट पडदा येतो. बंद करताना आत दमट हवा कोंडली जाते, कॅमेरा चालून गरम होतो, बाहेरून पाणी काच थंड करतं आणि बाष्प नेमकं काचेवर बसतं. म्हणून हाऊसिंग बोटीवर उघडायचं नाही. सकाळी खोलीत एसी थोडा वेळ चालवून, कोरड्या हवेत कॅमेरा आत घालायचा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि दोन्ही बुड्या होईपर्यंत ते बंदच ठेवायचं. बोटीवर ओल्या टॉवेलात गुंडाळून सावलीत. एका चार्जवर बॅटरी दोन बुड्यांचे फोटो आरामात ओढते. व्हिडिओ भरपूर काढलात तर दुसरी बॅटरी लागेल, आणि ती बदलायला हाऊसिंग उघडावं लागेल, हे लक्षात ठेवून व्हिडिओला आवर घाला.

प्रत्यक्ष वापरात टीजी-६ ची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचे पाण्याखालचे मोड. वाइड, मॅक्रो, मायक्रोस्कोप वेगवेगळे आहेत, आणि व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंग सुधारण्याच्या सेटिंगला, उथळ, मध्यम, खोल अशा तीन पायऱ्या. पहिल्या बुडीला एवढं पुरतं. हाऊसिंगची बटणं ठसठशीत आहेत, थंडीने बोटं आखडली तरी चुकत नाहीत. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न आटवलेल्या मूळ, स्वरूपातही साठवता येतात. ते सुरुवातीपासून चालू ठेवा, कारण पाण्याखालचे रंग घरी येऊन सुधारायला जेपीईजीमध्ये फारसं काही उरलेलं नसतं. अंधाऱ्या जागी, खडकाच्या कपारीत, फोटो दाणेदार येतो. छोट्या सेन्सरची ती मर्यादा आहे, ती मान्य करून कपारीत टॉर्च न्यायचा.

टॉर्चबद्दल: अंगभूत फ्लॅश गढूळ पाण्यात बंद ठेवा. तो लेन्सच्या शेजारीच असल्याने समोरचे कण उजळतात आणि फोटोवर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडतो. त्याऐवजी रुंद झोताचा व्हिडिओ टॉर्च, हाताच्या लांबीच्या ट्रेवर बाजूला लावलेला, झोत थोडा बाहेर वळवलेला. मग कण उजळले तरी लेन्सच्या समोर उजळत नाहीत. हजार-दीड हजार ल्यूमेनचा एक टॉर्चही जवळच्या फोटोंना भरपूर होतो. टॉर्चचा झोत पडला की ज्या खडकाला तुम्ही राखाडी समजत होता तो किरमिजी निघतो. विमानाने जाणार असाल तर टॉर्चच्या आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांवर मी अन्याय करणार नाही. गोप्रो हिरो ९ पासून १३ पर्यंतचे ब्लॅक मॉडेल नुसते १० मीटरपर्यंत, आणि त्यांच्या डाइव्ह हाऊसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ नुसता १८ मीटर आणि अ‍ॅक्शन ५ प्रो २० मीटर, केसमध्ये दोघेही ६०. आकडे बघून अ‍ॅक्शन ५ प्रो ओपन वॉटरला नुसता न्यावा असं वाटेल. मी केसशिवाय नेणार नाही, मर्यादेच्या काठावर सील वापरायचं नसतं, आणि केसचा खर्च फार नाही. व्हिडिओ स्थिर येतो, कोन रुंद असतो, कासव किंवा थवा छान मावतो. मुलांना, मित्रांना टिपायला यापेक्षा सोपं काही नाही. पण फोकस ठरावीक असतो, हातभर अंतराच्या आतलं धूसर येतं. स्क्रीनवर बोट पाण्यात चालत नाही, म्हणून मोड वरच निवडून ठेवावा लागतो. निळ्या पाण्यात लाल फिल्टर लावा, आपल्या हिरवट पाण्यात मजेंटा फिल्टर जास्त बरा. आणि टॉर्च लावलात की फिल्टर काढा, नाहीतर सगळं लालभडक होतं. अंदमान, लक्षद्वीप अशा स्वच्छ पाण्यातच ज्यांचं जाणं आहे, त्यांना मी अ‍ॅक्शन कॅमेरा नक्की सुचवेन.

मोबाईलची हाऊसिंग मिळतात, ४० ते ६० मीटरपर्यंतची, चांगली असतात आणि महागही. ज्या फोनमध्ये बँक, ओटीपी, घरच्यांचे नंबर आहेत तो मी समुद्रात नेणार नाही. फोनवरचा आयपी६८ हा पाणीरोधकतेचा शिक्का डायव्हिंगसाठी नसतो, आणि गळ्यात अडकवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तर धबधब्यापुरत्याच. सीलाइफचा मायक्रो ३.० हा पूर्ण बंद कॅमेरा आहे, त्याला उघडणारं दारच नाही, मेमरी आतच ६४ जीबी, मर्यादा ६० मीटर. सीलची काळजी ज्यांना नकोच आहे त्यांच्यासाठी कल्पना फार चांगली आहे. पण तोही अगदी जवळचं टिपत नाही, आणि मला जवळचंच हवं होतं.

कॅमेरा घेतला तरी पहिल्या काही बुड्यांना तो वर ठेवा. मला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी पाण्यात हाताशिवाय एका जागी थांबून दाखवा, मग कॅमेरा." तरंगण्यावर ताबा नसलेला माणूस फोटोच्या नादात प्रवाळावर गुडघे टेकतो, फिनने फांद्या मोडतो. मालवणचा समुद्री अभयारण्याचा पट्टा १९८७ साली जाहीर झाला, प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. फोटोसाठी कुठलाही प्राणी हलवू नका, टोचू नका, कपारीतून बाहेर काढू नका. कॅमेऱ्याचा पट्टा बीसीडीला, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या हवेच्या जॅकेटला, क्लिपने अडकवा, म्हणजे गरज पडली की दोन्ही हात मोकळे होतात आणि नजर गेजवर राहते. हवेचा काटा आणि सोबती, फोटो नेहमी यांच्यानंतर.

बुडी झाल्यावर हाऊसिंग बंद असतानाच गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि आत असतानाच प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबायचं, मीठ बटणांच्या दांड्यांभोवती बसतं. बोटीवरच्या सामाईक टबात सगळ्यांचं सामान आपटतं, तिथे ठेवून जाऊ नका. नाशिकला परतल्यावर मी पुन्हा एकदा रात्रभर भिजत घालते, आणि त्याला नळाचं, गंगापूर धरणाचं पाणी घेते. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर पांढरे डाग सोडतात आणि ते घासायला गेलं की पोर्टवर चरे पडतात. मग सावलीत सुकवायचं. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, त्या महिन्यांत ओ-रिंग खाचेतून काढून, पुसून, छोट्या पिशवीत हाऊसिंगच्या आतच ठेवायची आणि क्लिप अर्धवट लावायची. दाबाखाली महिनोन्‌महिने राहिलेली ओ-रिंग चपटी होते. वर्षाला एक नवी घाला. पूर्ण संचात सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे, आणि सप्टेंबरात मागवून ठेवली तर ऑक्टोबरात मोसम उघडतो तेव्हा हातात असते.